युरी बायलरची कबुली

वरचं खोरं,
१९ जुलै १९७७

गिदियन,

आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील. ओट पिवळे पडायला लागलेत. जोनासचा गुडघा परत धरलाय, पण बायकोनं विचारलं तरी नाही म्हणतो.

काल माझ्या युरीला पोलीस घेऊन गेले.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वेंडेल हार्शबर्गरचा गोठा जळाला, ते तुमच्या पेपरात आलं असेल. वरचा गवताचा माळा, खालच्या गव्हाणी, सगळं गेलं. तीन गाई आतच राहिल्या. त्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. आपला युरी दोन वर्षं त्याच्याकडे कामाला आहे, दूध तोच काढतो. मे महिन्यात त्यानं घोडा फार दमवून आणला म्हणून हार्शबर्गर त्याला चारचौघांत नको नको ते बोलला होता. आणि आगीच्या आधी दोन-तीन संध्याकाळी युरी काम नसताना गोठ्यात शिरताना रस्त्यावरच्यांनी पाहिला. लोकांना एवढं पुरलं.

पोलीस तरुणच होता, बोलायला चांगला. अंगणात उभं राहून त्यानं विचारलं, "हे तू केलंस का?" युरी म्हणाला, "हो." त्यानं परत विचारलं. युरी म्हणाला, "हो, मीच." बास. टोपी घातली आणि गिरणीला निघाल्यासारखा गाडीत जाऊन बसला. माझे हात पिठात होते.

तू त्या कोर्टाच्या इमारतीत नावांचा पुकारा करतोस. तिथे माणसाला आत नेऊन पुढे काय काय करतात, ते मला नीट, एकामागून एक लिही. जोनास म्हणाला, वाळीत टाकलेल्या भावाला काय विचारायचं? मी म्हटलं, त्याच्या ताटाशेजारी जेवायला मनाई आहे, त्याला पत्र लिहायला नाही.

मलिंदा

—

ऑल्डरटन,
२२ जुलै

मलिंदा,

विचारलंस ते योग्य माणसाला विचारलंस. हा गर्व असेल तर असू दे. तू लहानपणापासून माझा गर्व मोजत आली आहेस, अजून एक दाणा वाढव. आपल्या दोघांची शाळा आठवीत संपली. माझी दुसरी शाळा म्हणजे ही इमारत. दुपारच्या सुट्टीत इथली कायद्याची पुस्तकं मी पहिल्या पानापासून वाचली आहेत, आणि कळली नाहीत तेव्हा परत पहिल्या पानापासून.

तर ऐक. पोलीस माणसाला थेट आमच्याकडे आणत नाहीत. आधी खालचा मॅजिस्ट्रेट. त्याच्या टेबलापुढे उभं करून आरोप वाचून दाखवतात आणि जामीन ठरवतात. युरीला त्यानं नुसत्या सहीवर सोडलं असणार, नाही का? मला कळलं, तो म्हणाला, "मोटार न चालवणाऱ्या आमिश पंथातला पोरगा पळून जाईल कुठे, आणि कशावर बसून?" हसू नकोस, कायद्यात हाच प्रश्न विचारायचा असतो: हा माणूस बोलावल्यावर येईल का?

मग त्याच मॅजिस्ट्रेटपुढे छोटी सुनावणी. तिथे युरीनं गुन्हा केला का हे ठरत नाही. खटला पुढे न्यावा एवढं तरी सरकारच्या हातात आहे का, एवढंच बघतात. सरकारनं मुठीत काहीतरी आहे असं दाखवलं की प्रकरण वर येतं, आमच्याकडे, काउंटीच्या कोर्टात. इथे सरकारी वकील आरोप नव्यानं लिहून काढतो, शब्द तोलून. त्याची एक प्रत युरीला मिळते. त्याच्याविरुद्ध सगळं राज्य उभं असतं, आणि तरी राज्याला आधी सांगावं लागतं की आम्ही काय म्हणतोय, कुठल्या दिवसाबद्दल, कुठल्या जागेबद्दल. एक शब्द मोघम राहिला तर जजसाहेब कागद परत करतात. मी पाहिलंय.

मग एक दिवस मी काठी जमिनीवर आपटतो, "ऐका हो ऐका" म्हणतो, आणि त्याचं नाव घेतो. जज लेन्हार्ट विचारतात: गुन्हा कबूल की नाकबूल?

इथे कान दे. "नाकबूल" म्हणणं खोटं बोलणं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की सिद्ध करा. चोरीच्या मालासकट सापडलेला माणूससुद्धा ते म्हणू शकतो आणि त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. युरीला सांग. आणि आग लावण्याचा आरोप म्हणजे दंड भरून सुटायची गोष्ट नाही, दहा वर्षांपर्यंत जाते.

मी जजसाहेबांना आज सकाळीच सांगितलं की आरोपी माझा भाचा आहे. ते म्हणाले, "गिदियन, तू नाव पुकारतोस, निकाल देत नाहीस. पण सांगितलंस ते बरं केलंस." यापुढे मी त्यांच्याशी या खटल्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. तशी अपेक्षाही करू नकोस.

गिदियन

—

वरचं खोरं,
९ ऑगस्ट

गिदियन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, जोनासनं एकदा, तेही वाचत नसल्यासारखं दाखवून.

तू लिहिलंस तसंच झालं. मॅजिस्ट्रेटकडे गेलो. हार्शबर्गर आला होता. बोलला तो गाईंबद्दलच. त्या तिघींना तो नावानं सांगत होता. रस्त्यावरच्या बाईनं सांगितलं की युरीला तिन्ही संध्याकाळी तिनंच पाहिलं. पोलिसानं अंगणातलं सांगितलं. मॅजिस्ट्रेट म्हणाला, प्रकरण वर जाईल.

बाहेर आल्यावर युरी सरळ हार्शबर्गरकडे गेला आणि म्हणाला, "मला क्षमा कर." हार्शबर्गर म्हणाला, "क्षमा? गाई परत आण, मग बघू," आणि ट्रकचं दार आपटून गेला. दहा पावलांवर जाऊन ट्रक बंद पडला. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. युरीनं मागून ढकलला.

एक वकीलबाई आली होती, मिस ऑर्नडॉर्फ. कोर्टानंच पाठवलेली, पैसे घेत नाही. फार पोरगेलीशी. जोनासनं तिला सांगितलं की आपण वकील लावत नाही. ती म्हणाली, "मी तरीही शेजारी बसेन." बसू दे म्हटलं. खुर्चीच ती.

युरी तुझ्या कोर्टात कबूल म्हणणार आहे. "सिद्ध करा" हे आपल्याकडचं बोलणं नाही, तुला माहीत आहे. बिशप ख्रिस्ती हॉस्टेटलरही तेच म्हणाला. दहा वर्षं तर दहा वर्षं.

मी हे हात न थरथरता लिहिलं, हे तुला अक्षरावरून दिसेल.

मलिंदा

—

ऑल्डरटन,
१३ ऑगस्ट

मलिंदा,

अक्षरावरून दिसलं. इतकं नीट अक्षर तू फक्त रागावलीस की काढतेस.

तुम्ही सगळे मिळून त्या मुलाला तुरुंगात घालायला निघाला आहात आणि त्याला नम्रता म्हणता. मी तुला एक सांगतो, त्याआधी ठरवू नका.

खटला चालला तर ज्यूरी निवडतात. पिंपासारख्या लाकडी पेटीत काउंटीतल्या लोकांची नावं असतात, ती फिरवून चिठ्ठ्या काढतात. येतं कोण? टायर बदलणारा, शाळेतली स्वयंपाकीण, कोंबड्या विकणारा म्हातारा, बँकेतली मुलगी. सकाळी येतात तेव्हा कुरकुरत असतात. गाडी कुठे लावायची, जेवायला कधी सोडणार, माझी कणसं कोण तोडेल. त्यातले बारा जण त्या दोन रांगांत बसतात आणि मी त्यांना शपथ देतो. मलिंदा, शपथ संपली की त्यांचे चेहरे बदललेले असतात. तोच टायरवाला, तीच स्वयंपाकीण, पण आता त्यांच्यापुढे जज सांभाळून बोलतो, सरकार आर्जवानं बोलतं, आणि त्या बारांनी आत जाऊन दार लावलं की ते उघडायचा हक्क राज्याच्या गव्हर्नरलासुद्धा नाही. दाराबाहेर मी उभा असतो. इतक्या वर्षांनी अजून माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या लहानपणी रविवारी सगळी मंडळी ते संथ स्तोत्र धरायची, एकाच श्वासात, तेव्हा यायचा तसा.

हे सगळं युरीसाठी तयार आहे. त्यानं फक्त एक शब्द म्हणायचा.

आणि आणखी एक. तुझी दोन पत्रं झाली आता. त्यात तू एकदाही लिहिलं नाहीस की "त्यानं केलं नाही." मी काय समजायचं ते समजलो. तरी म्हणतो, नाकबूल म्हणू दे.

गिदियन

—

वरचं खोरं,
१८ ऑगस्ट

गिदियन,

समजलास ते समज.

युरीनं परवाच्या रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून कबुली दिली. तू ते विसरला नसशील. तिथे कुणी कारण विचारत नाही आणि देणारा सांगत नाही. कारण सांगितलं की ती कबुली राहत नाही, ती तक्रार होते. "माझं चुकलं, पण" असं म्हणणारा माणूस उठून उभाच असतो, त्याला गुडघे टेकायची गरज काय?

तुझ्या जजपुढेही तो तेच करेल. दुसरं त्याला येत नाही. दुसरं मीच शिकवलेलं नाही.

टोमॅटो खूप आलेत. तुझ्यासाठी डबे भरले असते.

मलिंदा

—

ऑल्डरटन,
२० सप्टेंबर

मलिंदा,

जोनास घरी पोचून सांगेलच, पण जोनास सांगणार म्हणजे चार शब्द. मी सगळं लिहितो. आजच लिहितो, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

कोर्ट भरलं. मी काठी आपटली. आधी नेहमीची प्रकरणं होती: दारू पिऊन गाडी चालवलेली, खोटा चेक, दुसऱ्याच्या हद्दीत मारलेलं हरीण. कबूल म्हणणाऱ्या प्रत्येकाला जजसाहेब तेच प्रश्न विचारतात. तुम्हाला कुणी धमकावलं का? कुणी कशाचं वचन दिलं का? ज्यूरीपुढे जायचा हक्क आहे हे कळलं का? आणि शेवटी, काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा. लोक भराभर उत्तरं देतात, जजसाहेब भराभर लिहितात. खरं सांगू, ते प्रश्न मला इतके पाठ आहेत की ते चालू असताना मी खिडकीची काच किती धुवायची राहिलीय ते बघतो. मला वाटायचं, ही नुसती चाल आहे, पाण्याच्या पंपासारखी.

मग मी पुकारलं, "युरी बायलर!" आपल्या घरातलं नाव त्या खोलीत मी पहिल्यांदा घेतलं. आवाज फाटला नाही, एवढं सांगतो.

तो पुढे आला. मिस ऑर्नडॉर्फ शेजारी. आरोप वाचून झाला. जजसाहेब म्हणाले, "मिस्टर बायलर, तुम्हाला गुन्हा कबूल आहे की नाकबूल?"

युरी खाली बसला. म्हणजे गुडघ्यांवर. टोपी छातीशी धरली आणि म्हणाला, "कबूल."

तुला आमची खोली माहीत नाही. जजसाहेबांचा मंच उंच आहे. तिथून त्यांना युरी दिसेनाच. ते म्हणाले, "मिस्टर बायलर, इथे कुणी गुडघे टेकत नाही. उठा." युरी उठला नाही. मिस ऑर्नडॉर्फ त्याच्या खांद्यापर्यंत हात नेऊन थांबली. सरकारी वकील आढ्याकडे बघायला लागले. तेव्हा जजसाहेबांनी काय केलं असेल? तो दिसावा म्हणून ते स्वतः उभे राहिले.

आणि मलिंदा, जज उभे राहिले की कोर्टात सगळ्यांनी उभं राहायचं असतं. मी "उठा" म्हटलं नाही. सवयीनंच सगळे उठले. वकील, कारकून, पोलीस, हार्शबर्गर, मागच्या बाकावरचा दारू प्यायलेला, त्याची बायको. सगळं कोर्ट उभं, आणि मधे एकटा आपला पोरगा गुडघ्यांवर. कुणाला बसावं हे सुचलं नाही. पुढचं सगळं तसंच झालं.

जजसाहेब म्हणाले, "बरं. कुणी धमकावलं तुम्हाला?"

"नाही."

"काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"मी केलं. लेन्हार्ट, मी कारण सांगणार नाही."

हो, लेन्हार्ट. साहेब नाही, मिस्टर नाही. आपल्याकडे बिशपलाही नावानं हाक मारतात, तो तरी काय करेल? माझ्या मात्र हातातली काठी ओली झाली. जजसाहेब जरा हसले असं वाटलं. म्हणाले, "कारण नको. मला कारण विचारायचा हक्कही नाही. काय केलंत, एवढंच सांगा. हातांनी काय केलंत?"

"गवत भरलं."

"कुठलं गवत?"

"वेंडेलचं. जूनमधलं. ते ओलसर होतं. मी माळ्यावर भरलं."

"मग?"

"मग दोन-तीन आठवड्यांनी ते आतल्या आत उबलं. मी संध्याकाळी जाऊन लोखंडी कांब आत खुपसून बघायचो. कांब हाताला चटका द्यायला लागली. मला कळलं होतं. सांगायला पाहिजे होतं, की माळा उपसून टाकू. मला लाज वाटली. वाटलं, निवेल. तिसऱ्या दिवशी गोठा पेटला. तीन गाई गेल्या. मी केलं ते."

जजसाहेब मंचाच्या कडेवर हात टेकून पुढे वाकले. मग म्हणाले, "काडी लावलीत?"

"नाही."

"कंदील नेला होता?"

"नाही. उजेड होता."

"गोठा जळावा असं तुमच्या मनात होतं?"

युरीनं मान वर केली. त्याला तो प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "गोठा? कुणाच्या मनात असतं तसं?"

"मिस्टर बायलर, हे तुम्ही आधी कुणाला का नाही सांगितलं?"

"काय घडलं ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, मी केलं का."

तेवढ्यात हार्शबर्गर ओरडला, "ओलं गवत कधी भरलंस रे? त्या शनिवारी? शनिवारी संध्याकाळी? अरे गाढवा, सोमवारपर्यंत थांबायचं की!"

"मिस्टर हार्शबर्गर," जजसाहेब म्हणाले, "खाली बसा."

"बसू कसा? तुम्हीच उभे आहात!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ही कबुली कोर्ट स्वीकारत नाही."

सरकारी वकील म्हणाले, "पण आरोपी स्वतः म्हणतोय—"

"आरोपी जे म्हणतोय ते आरोपपत्रात नाही. आरोपपत्रात आहे, त्यानं जाणूनबुजून आग लावली. ते तो म्हणत नाही. जे केलं नाही त्याची कबुली देणाऱ्याला मी तुरुंगात पाठवू शकत नाही, त्यानं कितीही गुडघे टेकले तरी. नाकबूल असं लिहून घ्या. सरकारनं जाऊन परत तपासावं."

युरी म्हणाला, "मग ही मी कुठे नेऊ?"

"काय?"

"कबुली."

जजसाहेबांचा चेहरा मी बावीस वर्षं बघतोय. तसा तो मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. माझ्याकडे तिला जागा नाही. उठा आता." या वेळी तो उठला. दोन्ही तळवे जमिनीवर टेकून, एकटा, म्हाताऱ्यासारखा.

मी पंपाची चाल म्हणत होतो ते प्रश्न. रोज माझ्या कानांवरून गेले. ते कशासाठी ठेवलेत ते मला आज दिसलं. माणूस स्वतःला बुडवायला निघाला तरी त्याला धरणारं काहीतरी कुणीतरी, कधीतरी, त्या ओळींत घालून ठेवलंय. मी त्या माणसापुढे टोपी काढतो.

आणि मलिंदा, मी चुकीचं समजलो होतो. पण तू मला समजू दिलंस.

गिदियन

—

वरचं खोरं,
२७ सप्टेंबर

गिदियन,

हो, समजू दिलं. "त्यानं आग लावली नाही" असं लिहिलं असतं तर पुढचा शब्द "पण" आला असता, आणि त्याच्या पुढचं मला लिहायचं नव्हतं.

ते आता लिहिते. त्या शनिवारी मी खिडकीत होते. हार्शबर्गर बहिणीकडे गेला होता. गवत कापून पडलं होतं, पश्चिमेला काळं झालं होतं, आणि दुसरा दिवस रविवार, हात लावायचा नाही. युरी कुंपणापाशी आला आणि बापाला विचारलं, "भरू का थांबू? मुठीत अजून ओलं लागतंय." जोनास म्हणाला, "भर. भिजण्यापेक्षा बरं." युरीनं हे तुमच्या जजला सांगितलं नाही ना? मला वाटलंच. तो तिथे मरेपर्यंत गुडघ्यांवर राहिला असता, पण बापाचं नाव घेतलं नसतं. आणि बापाला ते माहीत होतं.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. "कुणी विचारलं नाही" तिथपर्यंत आले आणि जोनास उठला. हातात काठी घेतली आणि त्या गुडघ्यानं ओढ्यापलीकडे हार्शबर्गरकडे चालत गेला. बग्गी जोडली नाही. काय बोलले मला माहीत नाही. परत आला तेव्हा म्हणाला, "सांगितलं." मी विचारलं, तो काय म्हणाला? "म्हणाला, तू पण गाढवच."

बिशप ख्रिस्तीनं पत्र बघायला मागितलं. मला वाटलं, रागावणार. त्यानं चष्मा लावून सावकाश वाचलं. मग म्हणाला, "मलिंदा, ही कबुली त्या माणसानं परत दिली?" मी म्हटलं, हो. तो अंगणात बराच वेळ उभा राहिला. जाताना म्हणाला, "चाळीस वर्षांत मी एकही परत दिली नाही. एकालाही विचारलं नाही, काय घडलं." त्याचा घोडा दोनदा खिंकाळला तरी त्याला ऐकू आलं नाही.

आता पुढे काय? सरकार परत तपासून काय करणार? आणि तू मला खरं सांग. अजून तुरुंग होऊ शकतो का?

मलिंदा

—

ऑल्डरटन,
१४ ऑक्टोबर

मलिंदा,

होऊ शकत होता. म्हणून मी मधे लिहिलं नाही. मला माहीत नसलेलं मी लिहीत नाही.

सरकारनं राखेत परत माणूस पाठवला. त्यानं उरलेल्या तुळया बघितल्या. आग बाहेरून लागली तर तुळया बाहेरच्या बाजूनं जास्त जळतात. या माळ्याच्या मधोमध, गवत सगळ्यात दाट दाबलं होतं तिथे कोळसा झालेल्या होत्या, म्हणजे गवत आतूनच पेटलं. मग हार्शबर्गर स्वतः सरकारी वकिलाकडे गेला आणि जूनमधल्या शनिवारचं सगळं सांगितलं. कुणाकडून कळलं हे त्यानं सांगितलं नाही, एवढं मला दिसतं. आज सरकारनं आरोप मागे घेतो म्हणून अर्ज दिला. तो नुसता देऊन चालत नाही, जजसाहेबांनी मान्य करावा लागतो. त्यांनी तो सगळा वाचला. मग युरीला पुढे बोलावलं.

आज तो उभाच राहिला. जजसाहेबांनी जुन्या पद्धतीचं वाक्य म्हटलं. हल्ली कुणी म्हणत नाही, मी पूर्वीच्या जजकडून एकदा ऐकलं होतं: "युरी बायलर, या कोर्टात तुम्हाला पुढची तारीख नाही. तुम्ही जाऊ शकता."

ज्याला तारखा पडत गेल्या आहेत त्यालाच त्या वाक्याचं वजन कळतं. मिस ऑर्नडॉर्फनं डोळे पुसले. जोनासनं दाराकडे तोंड केलं.

युरी जाईना.

तो तिथेच, रेलिंगच्या आत, हात खाली सोडून उभा. जजसाहेब म्हणाले, "मिस्टर बायलर, झालं. तुम्ही मोकळे आहात." तरी नाही. कारकुनाला वाटलं, त्याला ऐकू कमी येतं. मला मात्र कळलं, मलिंदा, आणि तुलाही आत्ता कळलं असेल. आपल्याकडे कबुली दिलेला माणूस आपण होऊन उठत नाही. बिशप हात देतो, उठवतो, मग तो परत आपल्यातला. त्या दिवशी युरीला इथे कुणी हात दिला नव्हता. शब्दांनी तो मोकळा झाला होता, पण त्याला कुणी उठवलं नव्हतं. तो हाताची वाट बघत होता.

आणि आमच्या कोर्टात तशी सोय नाही. जज मंचावरून उतरत नाहीत. सरकारी वकिलानं हात द्यायचा नसतो. माझा हात तर तुमच्या लेखी हातच नाही. मी काठी घट्ट धरून उभा होतो. या कोर्टाबद्दल मी तुला इतकं लिहिलं, आणि तिथे मला दिसलं की यालाही एक भिंत आहे, आणि ती बरोबर त्या मुलाच्या समोर आहे.

तेव्हा वेंडेल हार्शबर्गर बाकावरून उठला. त्याला रेलिंगच्या आत यायची परवानगी नाही. मी अडवायला हवं होतं. अडवलं नाही. फाटकाची कडी त्याला उघडता येईना, चार शिव्या घातल्या त्यानं कडीला, मोठ्यानं, जजसमोर. मग आत आला आणि युरीचा उजवा हात आपल्या हातात घेतला. हलवला नाही, नुसता घेतला, आणि त्याला आपल्याकडे ओढलं.

म्हणाला, "चल रे. दूध काढायची वेळ झाली. उरलेल्या गाईंना तुमचं कोर्ट कळत नाही."

युरी हलला. दोघं गेले, हात तसाच धरलेला, बाकांच्या मधून. जोनास मागून लंगडत.

पुढचं प्रकरण टेबलावर तयार होतं. जजसाहेबांनी ते उघडलं नाही. दोघांची पावलं जिन्यावरून खाली जाऊन बाहेरचं दार वाजेपर्यंत ते हातांची घडी घालून बसून राहिले.

मग ते म्हणाले, "गिदियन, पुढचं नाव."

मी पुकारलं.

तुझा,
गिदियन